कंबर नसलेला सुळा

माझे जे दोन दात गेले ते बोलताना दिसत नसत, जेवताना दिसत नसत, आणि फोटोवाल्यानं 'जरा हसा' म्हटल्यावर मी जेवढा हसतो तेवढ्यातही दिसत नसत. मी अगदी मनापासून हसलो तरच दिसायचे. त्यामुळे ते गेल्यावर कार्यालयात कोणाला पत्ताही लागला नाही. आमच्या कार्यालयात काय हसतात हो लोक! वरच्या ओळीत, डावीकडे, सुळ्याच्या लगेच मागे बसणारी ही जोडी. आधी एक किडला म्हणून काढला. मग शेजारचा हलायला लागला, बहुधा करमेना म्हणून. तोही काढला. ही म्हणाली, "बरं झालं. आता हसताना तोंडावर हात तरी धराल."

असं मी आणखी दहा वर्षं काढली असती. पण ताईचा फोन आला.

ताई माझ्याहून पुष्कळ मोठी. मी लहानपणी जेवायचो नाही, तेव्हा ती आमच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नकला करायची आणि मी हसायला तोंड उघडलं की घास आत सारायची. माझं सगळं भरणपोषण या पद्धतीनं झालेलं आहे. पुढे तिचं लग्न झालं, माझं झालं, तरी भेटलो की तिनं नकला करायच्या आणि मी पोट धरून हसायचं, हा रिवाज चालूच होता. मग आईवडिलांचं घर रिकामं करायची वेळ आली आणि एका कपाटावरून आमचं वाजलं. फार नाही वाजलं. दोघंही थोडं थोडं जास्त बोललो, एवढंच. पण त्यानंतर फोनवर 'कसा आहेस', 'बरा आहे', 'ऊन फार आहे', 'हो ना' यापलीकडे गाडी जाईना. अशी काही वर्षं गेली आणि अचानक ती म्हणाली, "येते रे आठवडाभर. बसू. बोलू."

मी ठरवलं, ताईला बघितल्याबरोबर तोंडभरून हसायचं. शब्दांनी बिघडलेलं शब्दांनी दुरुस्त करायला गेलं की आणखी बिघडतं, असा माझा अनुभव आहे. हसण्यात तो धोका नाही. आणि तोंडभरून हसायचं तर तोंड भरलेलं हवं.

दातांच्या डॉक्टरबाईंनी माझ्या जबड्याचा साचा घेतला. प्लास्टरमध्ये तो इतका केविलवाणा दिसत होता की क्षणभर मला स्वतःची दया आली. स्क्रू बसवून कायमचे दात करता येतील, असं त्या म्हणाल्या. स्क्रू हा शब्द ऐकून मी खुर्चीतून अर्धा उठलो. मग त्या म्हणाल्या, "बरं, मग काढता-घालता येणारी छोटी कवळी करू. पण ती नुसती टाळूला चिकटून राहायची नाही. शेजारच्या दातांना धरून राहते. त्यासाठी हे क्लास्प." आणि त्यांनी एक ट्रे पुढे केला.

ट्रेमध्ये पडद्याच्या दुकानात असतात तसे आकडे होते.

"हा साधा," त्या म्हणाल्या, "दाताला बाजूनं वेढा घालतो. एक हात पुढून, एक मागून. पुढचा धरतो, मागचा हात दात ढकलला जाऊ नये म्हणून सांभाळतो. आणि हा वरचा छोटा टेकू दातावर बसतो, म्हणजे चावताना कवळी हिरडीत रुतत नाही. हा दुसरा हिरडीकडून बोटासारखा येतो आणि दाताला नुसत्या टोकानं धरतो. हा अंगठीसारखा, एकट्या उरलेल्या शेवटच्या दाढेला पूर्ण फेरी मारून येतो. आणि हा टोकाला मणी असलेला, दोन दातांच्या फटीत बसतो."

"आणि तो गुलाबी?"

"तो धातूचा नाही. लवचिक असतो, हिरडीच्या रंगाचा. दिसत नाही. पण तुमच्यासाठी नाही तो." मग त्यांनी पेन्सिलीनं माझ्या प्लास्टरच्या सुळ्यावर रेघ काढली. "दात मध्ये फुगीर असतो आणि हिरडीजवळ आत गेलेला असतो. दाताची कंबरच म्हणा. आकड्याचं टोक त्या कंबरेत शिरतं, म्हणून कवळी खाली येत नाही. तुमच्या सुळ्याला कंबर जवळजवळ नाहीच. सरळसोट आहे."

"आमच्या घराण्यात सगळे सरळच," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. "म्हणून हा साधाच, तारेचा. तार स्प्रिंगसारखी धरते आणि सैल झाली तर मला घट्ट करता येते."

कार्यालयातून खर्चाची मंजुरी आणली, कवळी झाली आणि उत्तम बसली, हे मला इथं मुद्दाम नोंदवलं पाहिजे. शेंगदाणे खाल्ले. कडक टोस्ट खाल्ला. हिच्याशी कडाक्यानं भांडून पाहिलं. जागची हलली नाही. मी जर शहाणा असतो तर गोष्ट इथंच संपली असती आणि तुमचाही वेळ वाचला असता.

पण मी आरशासमोर गेलो आणि तोंडभरून हसलो. सुळ्यावर तार चमकली.

"दिसतेय," मी म्हणालो.

"इतकं तोंड वासल्यावर पडजीभसुद्धा दिसतेय," ही म्हणाली. "बघणार कोण?"

"ताई."

"ताई काय तुमचे दात मोजायला येताहेत?"

या बाबतीत बायकोचं मत घेऊन थांबायचं असतं. मी शेजाऱ्यांचं घेतलं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त पूल-इंजिनीयर राहतात. त्यांनी मला खिडकीपाशी उभं केलं, तोंडात बॅटरी मारली आणि बराच वेळ गंभीरपणे बघत राहिले. मग म्हणाले, "भार घेतोय व्यवस्थित. पण दर्शनी बाजू वाया घालवली. आमच्या काळात आधार असा उघडा ठेवला असता तर बदली झाली असती." समोरच्या घरातल्या शिकवणीबाई कुठल्यातरी कामानं डोकावल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आमच्या थोरल्या जाऊबाईंना अशीच तार होती. फार प्रेमळ बाई. पण मुलं त्यांना अजून 'फाटक' म्हणतात."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंकडे.

हिरडीकडून येणारा बोटासारखा आकडा चालेल का, असं मी विचारलं. त्यांनी मला हसायला सांगितलं. मी हसलो. "तुमचा ओठ हसताना फार वर जातो," त्या म्हणाल्या. "तो आकडा मुळापासून दिसेल."

"मी जरा बेतानं हसेन."

"मग तारही दिसणार नाही. आहे तीच ठेवा की."

हा युक्तिवाद बिनतोड होता, आणि बिनतोड युक्तिवादानं माणूस फक्त चिडतो. मी गुलाबीचा आग्रह धरला. त्यांनी पुन्हा कंबरेचा विषय काढला. मी म्हणालो, "डॉक्टर, माझ्या जबाबदारीवर करा." हे वाक्य म्हणताना मला फार बरं वाटलं होतं. अशी वाक्यं म्हणताना नेहमीच बरं वाटतं.

स्वतःच्या खिशातून करून घेतली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. पण नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर हक्काचं सोडायला जीव होत नाही. वैद्यकीय बिलं बघणारा आमचा कारकून माझ्याच बरोबरीचा, रोज चहाला एकत्र बसणारा. टेबलाच्या पलीकडे मात्र तो मला ओळखत नाही.

"त्याच जागेसाठी दुसरी कवळी?" तो म्हणाला. "पहिली हरवली का?"

"नाही."

"मोडली?"

"नाही हो, तोंडात आहे."

"तोंडात असताना दुसरी कुठं ठेवणार?"

मी त्याला आकड्यांचे प्रकार समजावून सांगितले. वेढ्याचा, बोटाचा, अंगठीचा, मण्याचा. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि परिपत्रक काढलं. चष्मा, काठी, श्रवणयंत्र किंवा कवळी बदलून हवी असेल तर जुनी वस्तू भांडारात जमा करावी लागते, असा नियम निघाला. मी तिथंच तोंडात बोट घालून कवळी काढली. मागच्या टेबलावरच्या टंकलेखिकाबाईंनी मान फिरवली. माझ्या एवढ्या नोकरीतला तो सगळ्यात मानहानीचा क्षण म्हणता येईल, पण तसा म्हणत नाही, कारण अजून बरंच यायचं आहे.

भांडारपालानं कवळी पाकिटात घातली, दोरा बांधला, लाख लावली आणि एका बिघडलेल्या टेबलफॅनशेजारी मांडून ठेवली. चांगली बसणारी, शेंगदाणे फोडणारी कवळी.

गुलाबी कवळी ताई येण्याच्या आदल्या दिवशी हातात पडली. दिसायला देखणी! तार नाही, चमक नाही, हिरडी कुठं संपते आणि आकडा कुठं सुरू होतो ते मलाही कळेना. बोलून पाहिलं, छान. पाणी प्यायलो, छान. घरी आल्यावर ही म्हणाली, "आता हसून दाखवा." मी हसलो, ओठ वर गेला, आणि कवळी चहाच्या कपात पडली.

दवाखान्यात फोन केला. डॉक्टरबाई परिषदेला गेल्या होत्या, आठवडाभर नव्हत्या. इंजिनीयरसाहेब मात्र होते. हा प्रकार गरम पाण्यात मऊ होतो आणि मग हवा तसा वळवता येतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. ते खरंही असावं. पण त्यांनी पातेलं गॅसवर ठेवलं आणि लवचिक पदार्थांविषयी बोलायला लागले, आणि बोलता बोलता पाणी उकळलं. बाहेर काढलेला आकडा सुळ्याला धरायच्या ऐवजी बाहेरच्या बाजूला वळला होता. साहेबांनी चिमट्यानं तो पुष्कळ आत दाबला. "रोजच्या वापराला चालेल," ते म्हणाले. "फक्त आघात टाळा."

हसणं हा आघात आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

ताई आली. बसमधून उतरली, मी ओठ मिटून पुढे झालो आणि तिची बॅग घेतली. तिनं माझ्या दंडाला धरलं. "बरा आहेस ना?" "हं," मी म्हणालो. एवढ्या वर्षांनी भेटलेल्या बहिणीला मी 'हं' म्हणालो.

आता तुम्ही म्हणाल, सरळ सांगून का टाकलं नाही? हीसुद्धा तेच म्हणत होती. स्वयंपाकघरात कुजबुजत म्हणाली, "अहो, सांगा ना, कवळी बसत नाहीये म्हणून. हसतील आणि सोडून देतील." पण जगात एकच माणूस असं उरलं होतं की ज्याच्यापुढे मी अजून लहान होतो. तिच्यापुढे कवळी काढून हातात घ्यायची, हे मला जमेना. मी म्हणालो, "दोन दिवस थांब. भांडारातून जुनी सोडवून आणतो."

दुसऱ्या संध्याकाळी जेवणं झाली आणि ताई एकदम म्हणाली, "अरे, ते कपाट आठवतं?"

मी दचकलो. ही हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली. ताईनं उठून एक खुर्ची दारात आडवी घातली आणि कमरेवर हात ठेवले. "हे कपाट," ती म्हणाली.

मग तिनं तो सगळा दिवस उभा केला. आधी हमाल केला, कपाटाखाली वाकलेला, मान तिरकी: "साहेब, आधी ठरवा, आत न्यायचं का बाहेर! माझा पाय अडकलाय!" मग मला केलं. मान ताठ, एक बोट वर, आणि वडील वारले त्या दिवसांत मी चष्मा पुसत पुसत बोलायचो तसा चष्मा पुसत: "प्रश्न कपाटाचा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे." मग स्वतःला केलं, आणि स्वतःला तर अजिबात सोडलं नाही. पदर खोचून, नाक फेंदारून: "मी थोरली आहे! कपाटसुद्धा मला ताई म्हणतं!" आणि शेवटी ते कपाटच केलं. आम्ही दोघं ओरडत असताना त्याचं दार कसं हळूच, करकरत, दोघांच्या मधे उघडत आलं ते. कपाट शेवटी कुठल्याच दारातून गेलं नव्हतं. घराबरोबर ते पण विकावं लागलं होतं.

ताईनं आजवर केलेल्या सगळ्या नकलांत ही सगळ्यात सरस होती. आणि ती नुसती नक्कल नव्हती, हेही मला कळत होतं. ती माफी होती, आणि तिनं माझ्या वाट्याची माफीही त्यातच उरकून टाकली होती. मी फक्त हसायचं होतं.

पोटातून हसू वर आलं. ओठ उचलला गेला आणि सुळ्यावरची पकड सुटलेली मला जाणवली. मी ओठ आवळले. दात आवळले. डोळ्यांत पाणी आलं, चेहरा लाल झाला असणार. नाकातून एक विचित्र आवाज निघाला. मी ताडकन उठलो आणि न्हाणीघरात जाऊन दार लावलं. नळ पूर्ण सोडला. आणि तिथं, तोंडावर टॉवेल दाबून, मी हसलो. लहानपणी हसायचो तसा. कपाटाचं ते दार आठवून पुन्हा हसलो. नळाच्या आवाजात काही ऐकू गेलं नसणार, याची मला तेव्हा खात्री होती, आणि त्याचं समाधानही होतं.

बाहेर आलो तर ताई त्याच खुर्चीवर बसून रुमालाची घडी घालत होती.

"मनाला लागलं का रे तुझ्या?" तिनं विचारलं.

"नाही, नाही," मी ओठ न हलवता म्हणालो. ओठ न हलवता 'नाही' म्हणून बघा. कसं ऐकू येतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भांडार गाठलं. जाळीमागे टेबलफॅनशेजारी माझं पाकीट दिसत होतं.

"ती परत हवी आहे," मी भांडारपालाला म्हणालो.

"निर्लेखित झाली ती."

"म्हणजे?"

"म्हणजे ती आता नाही."

"अहो, ती काय समोर दिसतेय!"

"दिसण्याचा प्रश्न नाही, साहेब. कागदावर नाही. जी वस्तू नाही ती मी तुम्हाला देणार कशी?" तो मनानं चांगला माणूस होता. त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि समिती बसली की विषय घेतो म्हणाला. समिती कधी बसते असं विचारलं तर म्हणाला, सभासद निवृत्त झालेत, नवे नेमायचेत. मी एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे गेलो. दोघांनीही माझी बाजू समजून घेतली. जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी पाकीट जाळीच्या पलीकडेच होतं आणि मी अलीकडे.

घरी आलो तर ताईची बॅग जागेवर नव्हती.

"लेकीचा फोन आला म्हणाल्या, काहीतरी काम निघालंय," ही म्हणाली. "मी तर फोन वाजलेला ऐकला नाही. मी सांगत होते त्यांना, अहो, तसं काही नाहीये, त्यांच्या दातांचं... तर म्हणाल्या, त्याची बाजू घेऊ नकोस, त्याला नकोय तर नकोय. आत्ताच सोडून आले. गाडी सुटायची असेल अजून."

मी धावलो. माझ्या वयाच्या माणसानं धावू नये, पण धावलो. बस निघत होती. मागून तिसऱ्या खिडकीत ताई बसलेली दिसली, काच बंद. मी "ताई!" म्हणून ओरडलो आणि तोंड उघडल्याबरोबर कवळी निसटून बसथांब्याच्या फरशीवर पडली. एक जाडजूड गृहस्थ तिच्यावरून सुटकेस ओढत गेले. मी वाकलो नाही. बसच्या बाजूनं धावत राहिलो आणि त्या बंद काचेकडे बघून हसलो. खिंडार उघडं टाकून, सगळे उरलेले दात दाखवून, दोन्ही हात हलवत. लोक बघत होते. ताईनंही मान वळवली. सरळ माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. बस वळली.

"पोचले," ती फोनवर म्हणाली. "ऊन होतं." मी म्हणालो, "हो ना."

डॉक्टरबाई परत आल्या. त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. माझ्याच खर्चानं पुन्हा पहिल्यासारखी तारेची कवळी झाली. पुन्हा उत्तम बसली. फोनवर सांगावं असं फार वेळा मनात आलं, पण कवळीची गोष्ट फोनवर सुरू कुठून करायची ते सुचेना. शेवटी बऱ्याच महिन्यांनी मीच बसमध्ये बसलो.

दार ताईनंच उघडलं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, दाताला ही तार कसली?"

मी बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. फाटक, परिपत्रक, चहाचा कप, उकळतं पातेलं, न्हाणीघरातला नळ. ती ऐकत होती. बसथांब्यापर्यंत आलो तेव्हा म्हणाली, "तू आला होतास तिथं?"

"तू सरळ माझ्याकडे बघितलंस, ताई."

"मी काचेकडे बघत होते रे. तेव्हा मला काय दिसत होतं? मोतीबिंदू इतका पिकला होता की तुमच्या जिन्यावरून तुझ्या बायकोचा हात धरून उतरले, विचार तिला. तुमच्याकडून आले आणि मग ऑपरेशन करून घेतलं." तिनं डोळ्यावरून हात फिरवला. "टेबलापलीकडचा माणूस म्हणजे नुसता एक ढग. तू हसतोयस की नाही हे मला कानांनीच कळणार होतं."

मी म्हणालो, "कर ना ते पुन्हा. कपाटाचं."

ती उठलीसुद्धा. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. "नाही येत रे आता," ती म्हणाली. "तुझ्याकडे यायचं ठरलं तेव्हापासून बसवत होते ते. गाडीतसुद्धा मनात म्हणत आले होते. आता काही आठवत नाही." आणि ती खाली बसली. "तू सांग. तो भांडारपाल काय म्हणाला म्हणालास?"

मला नकला येत नाहीत. कधीच आल्या नाहीत. तरी मी उठलो, खुर्ची पुढे ओढली, जाळीमागं उभं राहिल्यासारखा उभा राहिलो आणि भांडारपालाचा आवाज काढायचा प्रयत्न केला. तो त्याच्यासारखाही निघाला नाही आणि माझ्यासारखाही राहिला नाही.

ताई हसली. मोठ्यानं हसली. जितकं हसण्यासारखं होतं त्यापेक्षा जरा जास्तच मोठ्यानं हसली, आणि मी मधे थांबलो तर म्हणाली, "हं, मग पुढे?"